आपल्या घरगाडीचं इंजिन

कुंदा,

तुला जाऊन बावीस दिवस झाले आणि मी अजून तुझ्याशी वादच घालतो आहे. चहाचं आधण ठेवलं की सुरू होतो. एक मुद्दा मी मांडतो, त्यावर तू काय म्हणाली असतीस तेही मीच म्हणतो, मग त्याला उत्तर देतो. तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, “अहो, गेलेल्या माणसाशी तरी एकदा हरा की!”

भेटायला येणारे सगळे तुझ्या आजारपणाचं विचारतात. किती वर्षं होतं, औषध कोणाचं होतं, शेवटी काही बोलणं झालं का. मंजिरी पुण्याहून आली आहे, तीच उत्तरं देते. आपली लेक किती शांतपणे सांगते सगळं! मी बाजूला बसून मान हलवतो. माझ्या मनात दुसरंच चाललेलं असतं. मला सांगावंसं वाटतं की आम्हा दोघांचं चौदा वर्षं एकच भांडण चालू होतं, गाडीला इंजिन डिझेलचं की पेट्रोलचं, आणि ते मिटायच्या आत ही उठून गेली. पण हे कोणाला सांगणार? म्हणतील, बायको गेल्यावर डोकं फिरलं बिचाऱ्याचं. म्हणून तुलाच लिहितो.

हे सगळं निर्मलाताईंमुळे सुरू झालं. तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायचीस तेव्हा इंदूरच्या बोर्डावर त्या बसायच्या. अकरा वर्षं तुम्ही दोघी रोज एकमेकींचा आवाज ऐकत होतात. लाइन मोकळी असली की तुमच्या गप्पा सुरू. मंजिरीला गोवर आला तेव्हा काय करायचं ते तू माझ्या आईला नाही, निर्मलाताईंना विचारलंस. त्यांच्या सासूबाई वारल्या त्या दिवशी तू घरी येऊन जेवली नाहीस. आणि तुम्ही एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मी म्हणायचो, “फोटो तरी मागव.” तू म्हणायचीस, “फोटोत काय बघायचं? समोर बसून बघेन.”

मग एसटीडी आलं, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळे बूथ उभे राहिले आणि तुझा बोर्ड बंद झाला. त्याच सुमाराला तुझी बोटं सुजायला लागली. बोर्डातल्या भोकात वायरीची पिन बसवताना हात चुकतो म्हणून तू आधी चष्म्याचा नंबर तपासून आलीस, आठवतं? डोळे चांगले होते. सांधे गेले होते. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि मग आपल्यासाठी म्हणाले, संधिवातच, पण सांधे खाणारा. तू बेचाळीस वर्षांची होतीस.

त्यानंतर तू एकच गोष्ट धरून बसलीस. इंदूरला जायचं. हात-पाय पुरते जायच्या आत जायचं.

पण जायचं कसं? एसटीची पहिली पायरी तुझ्या गुडघ्याच्या वर. आगगाडीनं जायचं तर खंडव्याला उतरून दुसरी गाडी. आणि खरी अडचण तू फक्त मला सांगितली होतीस. गुडघे दुमडत नाहीत, वाटेत कुठे बसायचं? चांदवडला, तुझ्या माहेरी जायचं म्हटलं तरी तू आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद करायचीस. चांदवड म्हणजे नाशिकपासून दीड तासाचा रस्ता, आणि तू ओठ कोरडे करून खिडकीबाहेर बघत बसायचीस. अशाच एका प्रवासात माझ्या डोक्यात आलं की ज्या गाडीत खाट असेल आणि भोकाची खुर्ची असेल अशी गाडीच करावी. कारखान्यात आयुष्यभर फिटर म्हणून लोकांची यंत्रं दुरुस्त केली. एक गाडी बायकोसाठी करता येणार नाही?

देवळालीच्या लिलावात ती मिळाली. लष्करातून निघालेली जुनी ॲम्ब्युलन्स, पेटीसारखी चौकोनी, सगळा रंग उडालेला, इंजिन जाम. दुसऱ्या गाडीला दोर बांधून मी ती दारात आणली. तू काठी टेकत बाहेर आलीस, गाडीकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, “ही? हिच्यात तर माणसं शेवटची जातात.”

“ही परत आणेल,” मी म्हणालो.

आरटीओतल्या एजंटलाही कळेना. “काका, कागदावर काय लिहू? ॲम्ब्युलन्स का मालवाहू?” मी म्हटलं, घर लिही. तो हसला. मी घरी येऊन तुला हे सांगितलं, तेव्हापासून तिचं नाव घरगाडी पडलं. आकाशी रंग तू निवडलास. खाट खिडकीच्या किती खाली हवी ते तू स्वतः झोपून दाखवलंस, म्हणजे पडल्या पडल्या शेतं दिसतील. पडद्याला कड्या नकोत, नाडी हवी, कड्या वाजतात. खुर्चीला दोन्ही बाजूंना हात हवेत आणि तेही लाकडाचे, लोखंड गार लागतं. मी करत जायचो, तू पायरीवर बसून सांगत राहायचीस. रविवारचा दुसरा चहा आपण त्या उभ्या गाडीत घ्यायचो. कुंदा, आपल्या संसारातलं सगळ्यात चांगलं जे काही होतं ते त्या रविवारांत होतं. गाडी जागची हलली नव्हती तोवर.

मग इंजिनाचा प्रश्न आला.

दोन रस्ते होते. जुनं पेट्रोलचं सहा सिलिंडरचं इंजिन खोलून पुन्हा बांधायचं, नाहीतर ते काढून टाकून त्या जागी डिझेलचं बसवायचं. तेव्हा सगळे डिझेलच बसवत होते. आडगाव नाक्यावरचे सलीमभाई, ज्यांच्या गॅरेजवर मी सुट्टीचे दिवस काढायचो, ते म्हणाले, “साहेब, फौजी पेट्रोल इंजन सरकारनंच पाळावं. लिटरला चार किलोमीटर. तुम्ही इंदूरला जाणार का पेट्रोलपंपाच्या रांगेत राहणार?”

मी हे घरी येऊन तुला सांगितलं. डिझेल घाटात ओढतं. आग्रा रोड म्हणजे ट्रकांचा रस्ता, डिझेलचा मिस्त्री कुठल्याही ढाब्यावर मिळेल. पेट्रोलचं इंजिन चढावर तापतं, नळीत पेट्रोलची वाफ धरते, गाडी बंद पडते.

तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, “आणि हादरे?”

“कसले हादरे? खाली रबर घालू.”

“मला बसून बघू द्या.”

म्हणून सलीमभाईंच्या मेहुण्याची डिझेलची मिनीबस मागून आणली आणि आपण सिन्नरपर्यंत जाऊन आलो. जाताना तू बोलत होतीस. येताना नाशिकरोडला सिग्नलला थांबलो तेव्हा मी आरशात पाहिलं. तू पुढच्या सीटचा दांडा सोडला होतास आणि शालीची घडी मांडीवर ठेवून त्यावर दोन्ही हात उपडे ठेवले होतेस. बांगड्या एकसारख्या किणकिणत होत्या.

घरी आल्यावर तू सांगितलंस, “पळत असते तेव्हा ठीक आहे हो. उभी राहिली की हलते. आतून हलते.”

“मग उभीच करायची नाही,” मी हसून म्हणालो.

तू हसली नाहीस. पुढच्या आठवड्यात मी एका ओळखीच्याची पेट्रोलची गाडी आणली, आपण त्यात बसून गंगापूर धरणापर्यंत गेलो. तिथे इंजिन चालू ठेवून मी खाली उतरलो, तर तू आतून विचारलंस, “बंद केलीत का?” चालू होती. तुझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं. मला कळलं नव्हतं असं कधी म्हणणार नाही.

तरी मी डिझेलच धरून बसलो. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली. गाडी सजून उभी, पोटात इंजिन नाही. तू चिडलीस की तुझ्या बोलण्यात चांदवड यायचं. “लय झालं तुमचं डिझेल! लिटरमागं वाचणारे पैसे दिसतात तुम्हाला, माझे हात दिसत नाय.”  कंजूष म्हण, मला चालेल, असं मनात म्हणायचो.

आज सांगतो. पैशांचं नव्हतं ते.

आमच्या खात्यात विठ्ठल होता. तुला नाव आठवत असेल, दिवाळीला डबा घेऊन यायचा. तो एका पत्र्याच्या टपात पेट्रोल घेऊन पार्ट धूत बसला होता. पाच-सहा हातांवर कोणीतरी ग्राइंडर लावला. ठिणगी पडली की नाही तेही मला दिसलं नाही, एकदम त्याच्या अंगावर जाळ दिसला. मी गोणपाट टाकलं, लोळवलं. तो नऊ दिवस होता. तुला मी एवढंच सांगितलं होतं की कामावर अपघात झाला. तू माझा शर्ट तीनदा धुतलास आणि वास जात नाही म्हणून शेवटी टाकून दिलास. कसला वास ते तू विचारलं नाहीस आणि मी बोललो नाही.

आपल्या गाडीत मी तुझ्या खाटेशेजारी स्टोव्हचा ओटा केला होता. मी दर वेळी तेच बघायचो. स्टोव्ह पेटलेला, खाली पेट्रोलची टाकी, मी पाणी आणायला उतरलेलो, आणि तू आत. तुझ्या बोटांना दाराची कडी उघडत नव्हती, कुंदा. मीच ती तीनदा बदलली होती आणि तिन्ही वेळा तुला उघडली नव्हती. डिझेल असं भडकत नाही. मला एवढंच माहीत होतं.

हे तुला का सांगितलं नाही? मला वाटलं, सांगितलं तर तू गाडीत पाऊल ठेवणार नाहीस, इंदूर कायमचं राहील. आता या बावीस दिवसांत मी तुझं उत्तरही देऊन पाहिलं. तू म्हणाली असतीस, “मग स्टोव्ह कशाला हवा? दशम्या बांधून घेऊ, चहा ढाब्यावर पिऊ.” इतकं सोपं होतं. ओटा काढून टाकायला मला अर्धा तास लागला असता. मी तुझ्याशी वाद घातला आणि ज्या गोष्टीवरून घातला ती तुला सांगितलीच नाही.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्याकडून एकदा ऐक. मी सलीमभाईंकडे गेलो आणि म्हणालो, डिझेल बसवा. त्यांनी हात पुसत विचारलं, “भाभींना विचारलं ना?”

मी म्हणालो, “हो.”

आठ दिवसांनी गाडी घरी आणली आणि दारात हॉर्न वाजवला. तू बाहेर आलीस. मी बॉनेट उघडून दाखवलं, जसं काही तुझ्यासाठी लुगडं आणलं होतं. तू आवाज ऐकत उभी राहिलीस. “बसवलंतसुद्धा?” एवढंच म्हणालीस. मग थोड्या वेळानं, “छान. निर्मलाला कळवते.”

डिसेंबरात निघालो. पहाटे सेल्फ दोनदा अडकला, तिसऱ्या खेपेला इंजिन सुरू झालं. ओझरच्या पुढे सूर्य वर आला. तू खाटेवर उशांना टेकून बसली होतीस आणि द्राक्षांचे मांडव मोजत होतीस. पिंपळगावला तू आपण होऊन पाणी मागितलंस. पेला भरून प्यायलीस आणि खुर्चीकडे बोट दाखवून म्हणालीस, “आज मला कोणाची भीती नाही.” कुंदा, तो पेला मी जन्मभर विसरणार नाही. त्या एका पेल्यासाठी मी तुझा ऋणी आहे.

चांदवड ओलांडलं. तुझ्या भावाच्या घराकडे वळायचा रस्ता आला तेव्हा तू म्हणालीस, “येताना जाऊ.” आणि राहूडच्या घाटात गाड्या तुंबल्या होत्या.

वर एक ट्रक आडवा झाला होता. पुढे ट्रक, मागे ट्रक, मधे आपली आकाशी पेटी. रांग पाच-दहा मिनिटांनी हातभर सरकायची. इंजिन बंद करावं तर सकाळचा सेल्फ डोळ्यांसमोर. चढावर बंद पडली आणि सुरू झाली नाही तर मागचे लोक जिवंत सोडणार नाहीत. मी चालू ठेवलं. अडीच तास. गाडी उभी, आणि खालून ते धडधडणं. रबर घातलं होतं मी, दुप्पट घातलं होतं. काही उपयोग नव्हता.

मी दोनदा मागे वळून विचारलं, “बरी आहेस ना?” तू दोन्ही वेळा म्हणालीस, “पुढे बघा.”

घाट संपल्यावर एका ढाब्याशी गाडी लावली. चहा घेऊन मागे आलो तर तू हात पुढे केले नाहीस. दोन्ही मनगटं फुगून लाल झाली होती, बोटं वळलेली, मुठी उघडत नव्हत्या. पदराचं टोक तोंडात होतं. ते तू मला बघून घाईनं काढलंस. मी बशीत चहा ओतून तुझ्या ओठांना लावला. दोन घोट घेतलेस आणि विचारलंस, “इंदूर अजून किती?”

मी सांगितलं नाही. पुढे जाऊन बसलो आणि गाडी वळवली.

मालेगावच्या दिशेनं जाणारे ट्रक समोरून यायला लागले तेव्हा तुला कळलं. “अहो, हे काय? कुठे निघालात? मी चला म्हणाले ना? मला जायचंय!” तू पहिल्यांदा ओरडलीस. मग थांबलीस. मी काचेतून रस्ता बघत राहिलो. मला तुझे हात बघवत नव्हते, म्हणून मी वळवली. डॉक्टरकडे न्यायला हवं, त्रास वाढेल, हे सगळं मी नंतर जोडलं. खरं कारण एवढंच होतं की मला बघवत नव्हतं.

पिंपळगाव आलं. मग अगदी शांतपणे म्हणालीस, “इंजिनही तुम्हीच ठरवलंत, वळायचंही तुम्हीच ठरवलंत.”

  एवढा वाद घालतो सकाळ-संध्याकाळ, पण त्या वाक्यापाशी आलो की चहा उतू जातो.

घरी आल्यावर मी तुला शब्द दिला होता की डिझेल काढून पेट्रोलचं बसवीन. ते जुनं सहा सिलिंडरचं सलीमभाईंकडे पडून होतं. ते मी खोललं, रिंगा बदलल्या, पुढे बराच काळ एकेक पार्ट शोधत बसलो. लष्करी इंजिनाचे पार्ट मिळत नव्हते हे खरं. पण मी सांगायचो तितकंही ते अवघड नव्हतं. पुन्हा निघायचं म्हटलं की मला तो ढाबा दिसायचा. इंजिन तयार नाही, हे सांगणं सोपं होतं. तू विचारायचीस, “कुठवर आलं?” मी म्हणायचो, “कार्ब्युरेटर राहिलाय.” मग तू विचारणं कमी केलंस. एकदा पेपरात गाड्यांच्या गॅस किटची जाहिरात आली तेव्हा ती मला दाखवत म्हणालीस, “बघा, आता गॅसवरही चालतात म्हणे. भांडायला तिसरं आलं.” दोघंही हसलो. खूप दिवसांनी हसलो होतो.

पेट्रोलचं इंजिन ज्या दिवशी सलीमभाईंच्या बाकावर सुरू झालं त्या दिवशी मी घरी धावत आलो होतो. त्यावर पाण्याचा पेला ठेवला तर पाणी हललं नाही, असं तुला सांगायचं होतं. तू पलंगावर होतीस. उशांचा टेकू देऊन बसवलं तरी अर्ध्या तासाच्या वर बसवत नव्हतं तेव्हा. तू सगळं ऐकलंस आणि म्हणालीस, “छान वाटलं ऐकून.” मग भिंतीकडे तोंड केलंस. ते इंजिन गाडीत गेलंच नाही. आता कोणासाठी बसवायचं होतं?

तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी मी इंदूरला फोन लावला. फोनवर तुम्ही दोघी बोलायचात, मी निर्मलाताईंशी उभ्या आयुष्यात चार वाक्यंही बोललो नव्हतो. नाव सांगितल्याबरोबर त्यांना कळलं. बराच वेळ नुसतं रडणं ऐकू येत होतं. मग म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही खूप केलंत तिच्यासाठी. कुंदा नेहमी सांगायची. गाडी फार सुरेख केलीय म्हणायची, यांनी जीव ओतलाय, मीच कामाची राहिले नाही. त्या वेळेला घाटात तिलाच भीती वाटली नं? तीच म्हणाली परत चला. मला म्हणाली, ते तर तयार होते पुढे यायला, मीच कच खाल्ली.”

मी रिसीव्हर कानाला लावून उभा होतो. तू हे तिला सांगून ठेवलं होतंस, इतकी वर्षं. माझं वळणं तू आपल्या अंगावर घेतलं होतंस आणि मला कधी कळूही दिलं नाहीस.

“हो ना, भाऊजी?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हणालो. सलीमभाईंना म्हणालो होतो तसंच.

मग त्या म्हणाल्या, “त्या वेळी आम्ही घरात खुर्चीसारखं बसायचं संडास करून घेतलं होतं तिच्यासाठी. घरच्यांनी नावं ठेवली, एका पाहुणीसाठी एवढं काय! आता माझेही गुडघे गेले. मलाच लागतं ते.” त्या हसायचा प्रयत्न करत होत्या. मी फोन ठेवला. नाशिकहून इंदूरला लागलेला तो आपल्या घरातला शेवटचा फोन असेल.

तुझ्या कपड्यांचं मंजिरीनं केलं. गाडीचं कोण करणार? ती म्हणाली, “बाबा, रोज खिडकीतून ती बघत बसता. काढून टाका.” तिचं बरोबर आहे. सलीमभाईंना सांगितलं आणि काल ते एक गिऱ्हाईक घेऊन आले. नामपूरचा माणूस, कांद्याचा व्यापार करतो, पन्नाशीचा असेल. बाजारातून माल उचलायला त्याला गाडी हवी होती. खाट काढावी लागेल, खुर्ची काढावी लागेल, पडदे तर नकोच, असं तो आत फिरत मोठ्यानं बोलत होता. मग एकदम खुर्चीपाशी थांबला. सलीमभाईंनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं असावं. पुढचं हळू आवाजात बोलला.

खाट आणि खुर्ची मी उतरवून घेतली. त्या अंगणात ठेवल्या आहेत, त्यांचं काय करायचं मला माहीत नाही.

“सुरू करी दावा,” तो म्हणाला.

मी बसलो. चावी फिरवली, हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबलो, सेल्फ मारला. गेल्या पावसाळ्यापासून सुरू न केलेली गाडी, मला वाटलं होतं ढकलावी लागेल. पहिल्या झटक्यात सुरू झाली. त्यानं बॉनेट उघडलं, वाकून कान दिला, तळहात इंजिनावर ठेवला आणि तसाच बराच वेळ उभा राहिला. धूर पाहिला. तेलाची काडी काढून पाहिली. माझ्याकडे वळला तेव्हा तोंडभर हसत होता.

“इंजिन तं एक नंबर शे, दादा! अजून वीस वरीस चालेल. हाई कोनी निवडं?”

सलीमभाई खाली बघत होते. मंजिरी दारात उभी होती.

“मी,” मी म्हणालो. “मी एकट्यानंच.”